सासूबाईंचे दात

कार्तिक व. ५, शके १८१५. कर्जत.

स्वारी माथेरानहून परत आली. तिथं साहेबांच्या नोकरमंडळींत ताप पसरला होता म्हणून दवाखान्यातून ह्यांना पाठवलं होतं. मी वाट बघत होते मधाची. जाताना कबूल केलं होतं ना! तर हातात ही पेटी.

आत जांभळी मखमल, त्यावर ओळीनं निजवलेली हत्यारं. मुठी हस्तिदंती, त्यातली एक तडकलेली. हवा खायला आलेला कोणी म्हातारा दातांचा डॉक्टर तिथं पाय मुरगळून पडला होता. ह्यांनी पट्ट्या बांधल्या, शेकलं. तो आता विलायतेला परत चाललाय, तर खूश होऊन आपली जुनी पेटी ह्यांना देऊन टाकली.

“पण ही कशाची?”

“दातांवरचं किटण काढायची.”

बायकोसाठी मध आणायचं ध्यानात राहत नाही. लोकांच्या दातांचं किटण मात्र बरं ध्यानात राहतं.

हत्यारांची इंग्रजी नावं ह्यांनी तीनतीनदा सांगितली. माझ्या डोक्यात एक राहील तर शपथ. मी आपली घरची नावं ठेवली. बाकदार आहे ती विळी. टोकाशी आडवं पातं आहे ते खुरपं. सरळ धारेची ती पटाशी. उरलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणी. शिवाय दांड्यावर बसवलेली एक इवलीशी आरशी आहे, तोंडात घालून मागचे दात बघायची. तिच्यात मी माझं नाक पाहिलं. बरं आहे.

सासूबाईंनी लांबूनच विचारलं, “न्हाव्याची धोपटी घरात कशाला रे आणलीस, नागू?”

कार्तिक व. ८

दवाखान्यात कोणी पेटीला जवळ येऊ देत नाही. दात दुखतो म्हणून माणसं येतात, पण त्यांना तो उपटून हवा. एक पाटील ह्यांना म्हणाला म्हणे — “डाक्टर, दुकतोय त्येवडा काडा. बाकीचं निजलंत, त्यांना कशाला उटवतां?” आणि एकानं विचारलं, “खरवडायला ती काय कढई हाय?”

मग काय, संध्याकाळच्या आत स्वारी घरी आली आणि मला खिडकीशी बसवलं. म्हणे, “तू तरी आ कर.” केला. करकर, करकर — आवाज कानातून नाही, थेट डोक्याच्या आतून येतो. खालच्या दातांच्या मागून चुन्याच्या खपलीसारखं काहीतरी निघालं, ते ह्यांनी मला तळहातावर काढून दाखवलं. असं काही माझ्या तोंडात होतं! मी तर रोज राखुंडीनं घासते.

आता जीभ सारखी तिथंच जाते. दात माझे नाहीतसे वाटताहेत. दोन दातांच्या मधून वारा आत येतो.

कार्तिक व. १२

बायकामाणसं ह्यांच्यापुढे आ करायला तयार नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? नाडी दाखवतात तीसुद्धा तोंड दुसरीकडे फिरवून. हे म्हणाले, “मग तू शीक.” मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती.

शिकायला तोंड ह्यांचंच. करंगळीशेजारचं बोट बाजूच्या दातावर टेकवायचं, म्हणजे हात घसरत नाही. पातं किटणाच्या खालच्या काठाखाली अलगद सरकवायचं आणि वर ओढायचं. हिरडीकडे ढकलायचं कधी नाही. तेलाच्या दगडावर धार करायची आणि आपल्याच अंगठ्याच्या नखावर लावून बघायची — धार असली तर पातं नखाला धरतं, बोथट असलं तर घसरून जातं. माझं डाव्या अंगठ्याचं नख पार ओरखडून गेलंय. झाल्यावर सगळी उकळत्या पाण्यात टाकायची, मग कार्बोलिकचं पाणी. सासूबाई म्हणतात, घराला दवाखान्याचा वास आला.

आज ह्यांच्या हिरडीतून रक्त काढलं. मी घाबरले. हे म्हणतात, “छान. पुन्हा कर.” नवऱ्याला “बोलू नका, तोंड उघडं ठेवा” असं सांगायचं आणि त्यानं ऐकायचं, हे सुख कर्जतात फक्त मला आहे.

मार्गशीर्ष शु. ३

माझी पहिली रोगी चिंधी! आमच्याकडे भांडी घासायला येते ती, उल्हास नदीपलीकडच्या वाडीतली. मिश्री लावून लावून दात आणि हिरडी यांतला भेदच राहिलेला नाही. म्हणाली, “बाय, माजं दात करा. पर माज्या घरधन्याला सांगू नका हां.”

“का गं?”

“त्यो म्हनंल, आता ही जास्ती खायाची.”

दुपारची भांडी झाली की मागच्या दारी ऊन येतं, तिथं बसवलं. तीन दुपारी लागल्या. शेवटी पाण्यात आपलं तोंड बघितलं. मग भांडी पुन्हा एकदा घासून काढली. घासलेलीच. तिच्या आनंदाची रीत ती.

मार्गशीर्ष शु. ८

सासूबाईंनी भाकरी सोडली. म्हणतात पोटाला जड जाते. साफ खोटं. मी बघते ना — ताकात कुस्करतात, तरी चावताना अंगठ्यानं खालचे दात दाबून धरतात. चुळीचं पाणी लाल. ह्यांनी उजेडाला उभं करून पाहिलं. दात चांगले आहेत, पण किटण हिरडीखाली शिरलंय, दातांनी जागा सोडायला सुरुवात केलीय. काढलं नाही तर वर्षाच्या आत एकेक पडेल. मग पेजेवर किती दिवस काढणार? आधीच मूठभर शरीर.

सासूबाई म्हणाल्या, “माझ्या दाताला लोखंड लागायचं नाही.” विषय संपला.

वही नवी आहे, तिला हे ठाऊक नसायचं. मामंजी काशीयात्रेला गेले ते परत आलेच नाहीत. प्रयागला गर्दीत चुकले असं बरोबरच्या मंडळींनी येऊन सांगितलं. तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. शास्त्र म्हणतं, बारा वर्षं वाट बघावी, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकावी. ती बारा वर्षं मागेच उलटली. मामंजींचे धाकटे भाऊ — आमचे खालापूरचे काका — तेव्हापासून मागे लागलेत. क्रिया झाली की सासूबाईंचं कुंकू पुसणार, केस जाणार, लाल आलवण नेसून अंधाऱ्या खोलीत बसायचं. सासूबाई म्हणतात, “ते येणार आहेत.” झालं.

म्हणून रोज सकाळी अंघोळ झाली की कुंकू, आणि कुंकवानंतर दात काळे करायचं सवाष्णीचं दातवण. हिरडा, मायफळ, हिराकस स्वतः कुटतात, कोणाला हात लावू देत नाहीत. काळेभोर दात. जांभळं खाल्ल्यासारखे म्हटलं तर राग येतो. आमच्या पिढीनं दातवण टाकलं, आम्हाला कोणी काही म्हणत नाही. पण जन्मभर लावणारीनं एकाएकी टाकलं की गाव त्याचा एकच अर्थ काढतं. किटण निघालं तर त्यावरचा काळा थरही निघणार. त्यांची भीती ती.

आणि ह्या घरात मामंजी नाहीत असं म्हणायची सोय नाही. सगळं त्यांच्याच हुकमानं चालतं. काका म्हणत होते मुलाला शेतीवर घाला, सासूबाई म्हणाल्या, “जाताना ते सांगून गेलेत, नागूला डॉक्टर करायचा.” केला. म्हैस विकली — “ते सांगून गेलेत.” मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. काकू नाक मुरडत होत्या, तर ह्या म्हणाल्या, “सुनेला लिहायला शिकवायचं, असं तिकडून सांगणं झालं होतं.” माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी! मामंजी मोठे दूरचं बघणारे. मी त्यांना पाहिलं नाही, पण ही वही त्यांच्याच कृपेची.

मार्गशीर्ष शु. १२

आज नुसती पेज. तीही अर्धी ठेवली.

मार्गशीर्ष शु. १४

मी वकिली केली. म्हटलं, “सासूबाई, बाहेरून बोट लावत नाही. आतल्या अंगानं खरवडते, जिभेकडून. काळं आहे ते समोर तसंच राहील. आत कोण बघायला येतंय?”

“जीभ बघते.”

“जीभ कोणाला सांगते?”

“माझी सांगेल,” म्हणाल्या, आणि हसू फुटलं. तेव्हाच मी ओळखलं, जमलं. पण अटी: दार लावायचं, नागू घरात नसताना, आणि चिंधीला पत्ता लागू द्यायचा नाही.

मार्गशीर्ष व. १

मागच्या दारचं ऊन, माझी मांडी आणि मांडीवर सासूबाईंचं डोकं. केसांना शिकेकाईचा वास. इतक्या वर्षांत त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं — उजव्या भुवईत एक जुनी खोक आहे, तिची मला खबरच नव्हती.

सासूबाईंचं तोंड उघडं, पण बोलता येत नाही — असा योग पुन्हा यायचा नाही! मी सगळं बोलून घेतलं. आमटीत मीठ त्या दिवशी मी नव्हतं जास्त घातलं. काकूंच्या पुढ्यात मला “वेंधळी” म्हणाला होतात ते मला लागलं होतं. आणि ती मोरपंखी चोळी तुम्ही नणंदेला दिलीत, ती मला हवी होती. त्या आपल्या “अं… अं…” करतात. मला वाटलं, सगळं कबूल.

उठल्या, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि एकेकाचं उत्तर दिलं — मीठ, वेंधळी, चोळी, त्याच क्रमानं! काही विसरल्या नाहीत. मीठ मीच घातलं होतं म्हणे.

पण बसल्या जागी हिरडी चेपून पाहिली आणि म्हणाल्या, “हलकं वाटतंय गं.” मला फार बरं वाटलं.

मार्गशीर्ष व. ९

आज सासूबाईंचा तो उपास. दर वर्षी याच दिवशी असतो. कुठल्या देवाचा, विचारलं की उत्तर ठरलेलं — “तुला काय करायचंय?” एक पान वाढलं आणि स्वतः मागच्या दारी नेऊन ठेवलं. कावळा येईपर्यंत तिथंच उभ्या. मग आत आल्या. मी “आज खरवडायचं का?” म्हटलं तर नुसती मान हलवली, नको म्हणून.

मार्गशीर्ष व. १३

वरचे आतून झाले. किटण थरावर थर. काही ठिकाणी पातं लावलं की दगडावर लावल्यासारखं. मी दमते, त्या दमत नाहीत. काल तर मांडीवर झोपल्याच, तोंड उघडं ठेवून! मी विळी हातात धरून तशीच बसून राहिले. पाय मेला. हलवावंसं वाटेना. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली, मांडीवर डोकं घ्यायचा-द्यायचा हिशेब माझा तिथंच राहून गेला होता.

जाग आल्यावर म्हणाल्या, “पोरी, संक्रांतीला मी हलवा चावून खाणार बघ.”

पौष शु. ३

हे देवा. माझ्या हातून काय झालं हे!

खालचे समोरचे दात. मागून किटणाची एकच सलग पट्टी होती, सगळ्यांना धरून बसलेली. मी विळी खाली सरकवली, ओढली. हलेना. जरा जोर केला — टक्! पट्टी सुटली ती दातांच्या फटीतून बाहेरची बाजूही घेऊन सुटली. मधला एक दात, अगदी समोरचा, काळ्या टरफलातून दाणा उघडा पडावा तसा उघडा पडला. पांढराशुभ्र, तांदळासारखा.

मला रडूच आलं. सासूबाईंनी हात पुढे केला, मी आरशी दिली. किती वेळ बघत होत्या. मला वाटलं आता बोलतील, ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, “लग्नात असे होते माझे दात.” आणि आरशी परत दिली.

पौष शु. ४

दातवण त्या दातावर बसतच नाही. गुळगुळीत झालाय ना. लावलं की लाळेनं उतरतं. काजळ लावून पाहिलं, दोन वाक्यं बोलल्या की गेलं. सासूबाई तोंडावर पदर धरून बसल्यात.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “दिवसांनी बसेल. तोवर बोलायचं कमी.” सासूबाईंना बोलायचं कमी! हे कुठली डॉक्टरी शिकले कोण जाणे.

पौष शु. ६. संक्रांत

सासूबाई हळदीकुंकवाला कुठं गेल्या नाहीत. बरं नाही म्हणून सांगितलं. दुपारी चिंधी भांड्यांशी बसून मला म्हणते, “बाय, समद्या इच्चारतांत. म्हातारीला काशीकडनं काय सांगावा आला काय? तोंड झाकून बसलीय म्हनून.”

मी खेकसले तिच्यावर. तिचा काय दोष?

मग स्टेशनमास्तरांची बायको वाण घेऊन घरीच आली. चांगली बाई, मनात काही नाही. सासूबाईंना बघून म्हणाली, “बरं नाही ना, म्हणून मीच आले.” सासूबाईंचा पदर सरला — तिळगूळ घ्यायला हात पुढे केला तेवढ्यात — आणि तिला तो दात दिसला. कुंकवाच्या करंड्यात घातलेलं तिचं बोट तसंच थांबलं. मग वळली, मला कुंकू लावलं आणि पायांत वहाणा सरकवून गेली. सासूबाईंना लावलंच नाही.

सासूबाई आत गेल्या, हातातला हलवा तसाच डब्यात ठेवला. मी भिंतीला टेकून रडले. त्यांच्या कपाळाचं कुंकू माझ्या हातानं जायची वेळ आली. दात वाचवायला गेले आणि हे करून बसले.

पौष शु. ११

बातमी खालापूरला पोचली. काका दमणी जोडून आले ते मुहूर्त काढूनच — माघी पौर्णिमेच्या आत क्रिया. पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी बोलले. “वहिनींनी आपणहून दातवण टाकलं. त्यांच्या मनानं ओळखलंय. आता नागू, तू कसली वाट बघतोस?”

ह्यांनी पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

मला काकांचा फार राग येतो. पण आज आला नाही पुरता. बोलता बोलता म्हातारा माणूस रडायला लागला. “दादानं मला खांद्यावर बसवून पाताळगंगा ओलांडून शाळेत नेलं रे. आणि तो कुठं तरी पिंडाशिवाय तहानलेला फिरतोय, आणि मी इथं दोन वेळा जेवतोय.” ह्यांनी डोळे पुसले. ह्यांचंही तेच दुखणं आहे, मला ठाऊक आहे. पितृपंधरवड्यात सगळे जेवायला घालतात आणि हे त्या दिवसांत उगाच दवाखान्यात बसून राहतात. बाप जिवंत की मेला, हेच मुलाला माहीत नाही.

“विचार करतो, काका,” हे म्हणाले. ह्यांनी “नाही” म्हटलं नाही!

मी आजवर काकांसमोर तोंड उघडलं नव्हतं. आज दाराआडून बोलले. “दातवण टाकलेलं नाही. मी खरवडताना निघालं. चूक माझी आहे.”

काकांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, “सूनबाई, तू सासूला पाठीशी घालतेस, गुणाची आहेस. पण जन्मभराचं काळं खरवडून निघतं, हे मला सांगू नको. मी काय कुकुलं बाळ आहे?”

पेटी दाखवली. न्हाव्याची धोपटी म्हणाले तेही.

पौष शु. १२

सकाळी काका पान लावत ओटीवर बसले होते. मी चहा द्यायला गेले आणि त्यांचे दात पाहिले. कात, चुना, तंबाखू — विटेच्या रंगाचे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

आत येऊन ह्यांना म्हटलं, “काकांचा एक दात करा. एकच. समोरचा.”

ह्यांनी मग पेटी उचलली.

काका आधी नाहीच म्हणाले. “माझ्या दातांना काय धाड भरलीय?” मग म्हणाले लोखंड विटाळ करतं. मग म्हणाले दुखेल. हे म्हणाले, “दुखलं तर सोडतो. निघालं नाही तर तुम्ही म्हणाल तो मुहूर्त.” हे ऐकलं आणि मी दाराआड चौकट धरून उभी राहिले. धार मीच केली होती — नखावर दहादा बघून.

काका पूर्वेकडे तोंड करून बसले, पागोटं काढून मांडीवर. आतल्या खोलीत सासूबाई जपमाळ घेऊन बसलेल्या. मणी सरकत नव्हते. बाहेर करकर चालू. मग थांबली. ह्यांनी आरशी दिली.

काकांनी दाताला बोट लावलं. पुन्हा लावलं.

“हा माझा?”

“तुमचाच.”

“आणि… हा शेजारचा?”

मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर हसू बाहेर ऐकू गेलं असतं. दुपारपर्यंत वरचे सगळे झाले. काका जेवायच्या पानावरही आरशी घेऊन! मला म्हणाले, “सूनबाई, ती विळी म्हणतेस ना, तिला जरा धार कर, खालच्यांना लागेल.”

पौष शु. १३

काका गेले. दमणीत बसल्यावर बैलांकडे बघून हसून घेतलं. पण त्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले, खाली बघत म्हणाले, “वहिनी, माझी समजूत चुकली. लोखंडानंच गेलं ते. दादा यायचा तेव्हा येईल.” मग मला म्हणाले, “वहिनींना कुंकू लाव. आणि त्या स्टेशनवालीला म्हणावं, दात बघायचे तर माझे येऊन बघ.”

मुहूर्ताचं नाव काढलं नाही. मी सासूबाईंना कुंकू लावलं.

माघ शु. ७. रथसप्तमी

दातवण बसलं! रोज थोडं थोडं घासून बसवलं, आता तो दात शेजारच्या दातांसारखाच काळा. सासूबाई शेवटच्या हळदीकुंकवाला ताठ मानेनं गेल्या. स्टेशनमास्तरांच्या बायकोनं पाया पडून कुंकू लावलं, ते जरा जास्तच मोठं. बाकी दातही घट्ट होत चाललेत. घरी आल्यावर बाजरीची भाकरी मागितली, पापुद्र्यासकट. कुडुम कुडुम आवाज ऐकून हे हातातलं वर्तमानपत्र टाकून आत बघायला आले.

आणि हलवा डब्यात ठेवलेला होता तोही खाल्ला. संक्रांतीचा राहिलेला.

माघ शु. ११

मामंजी चुकले नव्हते. प्रयागला पटकीनं गेले. मंडळी भिऊन पुढे निघून आली आणि लाजेनं “गर्दीत चुकले” म्हणाली. एकटी गोदूबाई, खालापूरची शेजारीण, जवळ राहिली; गंगेचं पाणी तिनं तोंडात घातलं. तिनं परत येऊन फक्त सासूबाईंना सांगितलं, आणि गप्प राहण्याची शपथ पाळून तीही गेली. मार्गशीर्ष वद्य नवमी ही त्यांची तिथी. काल खरवडणं संपलं, चूळ भरली, पुन्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून सासूबाईंनी हे सांगितलं.

“मी कोपऱ्यात बसले असते तर नागूला मुंबईला कोणी पाठवलं असतं? तुला अक्षर कोणी शिकवलं असतं? माझं कोण ऐकतं गं? त्यांचं ऐकतात.”

माझी ओटी ज्या हातांनी भरली ते हात मी धरून बसले. ह्यांना सांगायचं नाही असं वचन मागितलं. ह्यांचं दुखणं आठवलं, तरी दिलं.

आज सकाळी खलबत्ता मी घेतला. हिरडा, मायफळ, हिराकस. हे दारातून म्हणाले, “आई कोणाला हात लावू देत नाही, आणि आज दातवण तू कुटतेस?”

म्हटलं, “मामंजी जाताना सांगून गेलेत.”